रिसिव्हर पाठीकडून बघायचा

सिनेमातलं विमान धावपट्टी सोडायचं आणि नेमका त्याच क्षणी आमचा जुना रिसिव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेयरचा आवाज घेऊन घरातले सगळे स्पीकर चालवणारं यंत्र, मान टाकायचा. आतून रिलेचा ‘टक्’ असा आवाज, समोर लाल दिव्याची उघडझाप, आणि पडद्यावर विमान मुकाट्याने वर चाललेलं. “आई, गेला परत!” ही लेकाची आरोळी घरात इतकी रुळली होती की शेवटी शेवटी मी जागेवरून उठायचंही सोडलं होतं. पाच मिनिटं थांबायचं, आवाज चार घरं खाली आणायचा, पुन्हा सुरू करायचं.

तो बदलून नवा घेतला त्याला आता आठ महिने झाले. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. एक तर ही मॉडेलं दर एकदोन वर्षांनी बदलतात, आणि दुसरं, माझ्या सामानाला जो बसला तो तुमच्या सामानाला बसेलच असं नाही. मी तो कसा निवडला, आणि आठ महिन्यांत कुठे बरोबर निघाले, कुठे चुकले, तेवढं सांगते.

आधी सामान. पुढचे दोन स्पीकर काकांचे. कमरेएवढे उंच, लाकडी, एकट्याने उचलता येत नाहीत असे. मधला सेंटर दुसऱ्याच कंपनीचा. मागे दोन छोटे, फळीवर मावणारे बुकशेल्फ स्पीकर. सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर पोटात घेऊन आलेला, त्यामुळे रिसिव्हरवर त्याचा भार नाही. शिवाय टीव्ही, लेकाचा गेमिंग कन्सोल, डिस्क प्लेयर आणि काकांचाच रेकॉर्ड प्लेयर. म्हणजे चार पिढ्यांचं एकत्र कुटुंब, आणि रिसिव्हर म्हणजे त्या घरातली सून. सगळ्यांशी तिनेच जमवून घ्यायचं.

मी सुरुवात केली ती सगळेच करतात तशी, समोरच्या पॅनलकडे बघून. मोठी गोल खुंटी छान आहे का, आकडे ठळक दिसतात का. मग नवऱ्याच्या मित्राला, म्हणजे आमच्या भाऊजींना, विचारलं. अ‍ॅम्प्लिफायर उघडून दुरुस्त करणं हा त्यांचा जन्माचा उद्योग. ते म्हणाले, “वहिनी, तोंड बघून काय करताय? पाठ दाखवा. आणि त्याच्याही आधी स्पीकरची पाठ.”

स्पीकरच्या पाठीवरची पट्टी पार झिजलेली होती. अक्षर लागत नव्हतं. भाऊजींनी खिशातून मल्टिमीटर काढला, स्पीकरची वायर सोडवली आणि दोन टोकं दोन खुंट्यांना लावली. आकडा थोडा नाचला आणि ३.३ वर थांबला. “चार ओहमचे आहेत,” ते म्हणाले. मीटर जो रोध दाखवतो तो स्पीकरच्या छापील आकड्यापेक्षा जरा कमीच येतो. आठ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो. मग सेंटर मोजला, मागचे मोजले. ते सगळे सहाच्या आसपास. म्हणजे दुखणं फक्त काकांच्या जोडीचं होतं.

ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, तो कमी म्हणजे वाट मोकळी. तेवढ्याच व्होल्टेजला चार ओहमचा स्पीकर आठ ओहमच्या दुप्पट करंट ओढतो. विमान उडालं की खर्जाचा लोंढा येतो, अ‍ॅम्प्लिफायर तापतो, आणि जळण्याआधी स्वतःला बंद करून घेतो. जुन्याच्या मेनूत ‘४ ओहम’ असं एक सेटिंग होतं आणि ते लावलं की काम झालं असं मी इतकी वर्षं समजत होते. ते सेटिंग आतल्या वीजपुरवठ्याचं व्होल्टेज उतरवून यंत्राला थंड ठेवतं. ताकद वाढवत नाही, उलट थोडी काढूनच घेतं.

यानंतर भाऊजींनी जे केलं त्याचा मला अजून थोडा राग आहे, कारण ते फुकट होतं. त्यांनी जुन्याच रिसिव्हरच्या मेनूत जाऊन पुढचे स्पीकर ‘लार्ज’चे ‘स्मॉल’ केले आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खर्जाच्या वाटणीची रेघ, ८० हर्ट्झवर ठेवला. मी लगेच हरकत घेतली. एवढाले स्पीकर आणि स्मॉल? पण त्या शब्दाचा पेटीच्या उंचीशी संबंध नाही. स्मॉल म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज सबवूफरकडे पाठव, एवढंच. त्याच रात्री तेच विमान, तोच आवाज, आणि रिसिव्हर जागा राहिला. म्हणजे निम्मं दुखणं एका मेनूत बसलं होतं. तुमचा रिसिव्हर असाच बंद पडत असेल आणि घरात सबवूफर असेल, तर नव्याचा विचार करण्याआधी एवढं करून बघा.

तरी नवा घेणं भाग होतं, कारण जुन्याचे एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरने नेणारे, सॉकेट फोर-केच्या आधीच्या काळातले होते. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचे जास्त बारकावे दाखवणारं, चित्र त्यातून पुढे जाईना. त्यामुळे डिस्क प्लेयर टीव्हीला, आवाजाची वायर वेगळी, कन्सोल तिसरीकडे असा कारभार चालला होता. एका सिनेमाला तीन रिमोट.

आता वॅट. माझं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, त्यामुळे तळटीप आधी वाचायची सवय आहे. ती इथे जितकी कामाला आली तितकी ऑफिसातही क्वचितच आली असेल. एका यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १५० वॅट. खाली मुंगीएवढ्या अक्षरात: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल (म्हणजे एका स्पीकरची वाट) चालू. त्याच यंत्राच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर ९० वॅट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनल चालू. यंत्र तेच, ट्रान्सफॉर्मर तोच. पहिला आकडा म्हणजे घाटाच्या उतारावर मोजलेला गाडीचा अ‍ॅव्हरेज. दहा टक्के डिस्टॉर्शनचा आवाज कानाला फाटका लागतो, तो कोणी बसून ऐकत नाही. तुलना करायची तर दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांचीच करावी, आणि तेही लक्षात ठेवून की सातही चॅनल एकदम ओरडू लागले तर एकाच ट्रान्सफॉर्मरमधून वाटणी होते आणि प्रत्येकाच्या पानात बरंच कमी पडतं.

पण मुळात लागतात किती? याचं उत्तर स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीत असतं: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. काकांच्या स्पीकरची ८७ च्या आसपास असावी असा भाऊजींचा अंदाज. आमचा सोफा तीन मीटरवर, तिथे भिंतींची मदत धरून ७९-८० उरतात. यापुढे हिशेब सोपा आहे. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट, दर १० डेसिबलला दहापट. सिनेमागृहाच्या प्रमाण पातळीला एका चॅनलचं शिखर १०५ डेसिबलपर्यंत जातं. ते घरात हवं तर ३०० ते ४०० वॅट लागतील. आम्ही त्याच्या २० डेसिबल खाली ऐकतो, आणि तेवढ्यातही शेजारच्यांची आठवण ठेवावी लागते. म्हणजे शिखर ८५, आणि त्याला चार वॅटही पुरेत. संवादाला तर एक वॅटसुद्धा जास्तच. ९० वॅट आणि ११० वॅट यांच्यातला फरक एक डेसिबलही भरत नाही. हे कागदावर मांडल्यावर मी वॅटचा रकाना बंदच करून टाकला. मला हवा होता चार ओहमचा करंट सोसणारा गडी, आणि ज्याच्या मॅन्युअलमध्ये ‘४ ते १६ ओहम’ असं सरळ छापलंय असा. काहींच्या पाठीवर ‘६ ते १६’ असतं. ते मी बाजूला काढले. मॅन्युअल कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळतात. खरेदीच्या आधी ती उतरवून वाचावीत, निदान पाठीचं चित्र आणि शेवटचं आकड्यांचं पान.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला एचडीएमआयने. ‘२.१’ एवढा आकडा वाचून काही कळत नाही, कारण २०१७ साली आलेल्या त्या प्रमाणातल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. कोणत्या सॉकेटवर सेकंदाला ४० गिगाबिट जातं, कोणत्यावर १८, हे वेगळं वाचावं लागतं. मी बघितलेल्या एका यंत्राला सहा इनपुट होते आणि त्यांतले तीनच पूर्ण वेगाचे. कन्सोलवाल्यांसाठी आणखी एक: २०२०च्या अखेरीस आलेल्या काही रिसिव्हरमध्ये एचडीएमआयच्या चिपची अशी खोड निघाली की नव्या कन्सोलचं फोर-के १२० फ्रेमचं चित्र पाठवलं की पडदा काळा. जुना माल किंवा वापरलेला घेत असाल तर हे विचारूनच घ्या.

लेकाचं म्हणणं, मग कन्सोल सरळ टीव्हीलाच लाव ना, आवाज ई-आर्कने परत आण. बरोबर होतं त्याचं. साधं आर्क २००९पासून आहे. टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरने उलटा रिसिव्हरकडे आणणं हे त्याचं काम. पण त्याची नळी बारीक. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस (म्हणजे डोक्यावरूनही ऐकू येणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून आलेलं असतं, ते त्यातून निघतं. डिस्कवरचं, दाबूनही काहीच न गमावणारं ट्रू-एचडी मात्र निघत नाही. त्याला ई-आर्क लागतं. ऑप्टिकल वायरमधून तर यांतलं काहीच नाही, जुनं ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) तेवढं. आणखी एक मेख म्हणजे काही टीव्ही डीटीएसचा, म्हणजे डॉल्बीसारख्याच दुसऱ्या पद्धतीचा, आवाज पुढे सोडतच नाहीत. म्हणून आमच्याकडे शेवटी अशी मांडणी ठरली: डिस्क प्लेयर रिसिव्हरला, कन्सोल टीव्हीला, टीव्ही आणि रिसिव्हरमध्ये एक ई-आर्कची वायर. उद्या दुसरा कन्सोल आला तर पंचाईत, कारण बऱ्याच टीव्हींसारखे आमच्याही टीव्हीचे पूर्ण वेगाचे सॉकेट दोनच, आणि त्यांतला एक ई-आर्कचाच. हे टीव्ही घेताना बघायला हवं होतं. रिसिव्हर घेताना बघून उपयोग काय!

चॅनलांच्या मोजणीवर फार लिहीत नाही. ७.२ म्हणजे सात स्पीकर चालवणारा, त्यांतून एक तर मागे आणखी दोन लावा किंवा डोक्यावर दोन. डोक्यावर दोन लावले की त्यालाच ५.१.२ म्हणतात. आणि ७.२मधल्या त्या ‘.२’ला भुलू नका. खालच्या रांगेतल्या यंत्रांत सबवूफरची दोन सॉकेट असतात, सिग्नल बहुधा एकच. अ‍ॅटमॉस सिनेमागृहात २०१२ला आणि घरगुती रिसिव्हरमध्ये २०१४ला आलं, आता ते मधल्या रांगेतल्या जवळपास प्रत्येकात असतं. छताकडे तोंड करून आवाज आपटवणारे स्पीकर लावायचे तर छत सपाट आणि टणक हवं. आमचं आडव्या लाकडी पट्ट्यांचं, आवाज खाऊन टाकणारं. म्हणून आम्ही ५.१वर थांबलो. उरलेली दोन चॅनलं पुढच्या स्पीकरलाच जोडून दुहेरी ताकद द्यावी का, असं मी भाऊजींना विचारलं. ते हसले. “एकाच टाकीला दोन नळ लावलेत वहिनी, पाणी तेवढंच.” त्यापेक्षा पाठीवर पुढच्या चॅनलांचे प्री-आउट, म्हणजे सिग्नल बाहेर देणारे सॉकेट, आहेत का बघा, म्हणाले. पुढेमागे काकांच्या जोडीला वेगळा पॉवर अ‍ॅम्प द्यावासा वाटला तर दार उघडं राहतं. माझ्या यादीत उरलेल्या तिनांपैकी एकालाच ते होते. तोच घेतला.

आता जे आलंय त्याच्याबद्दल.

खोकं उघडल्यावर पहिला धडा मोजपट्टीचा. यंत्राची खोली ३४ सेंटिमीटर, माझ्या कपाटाची ३८. मी खूश. पण मागे स्पीकरच्या वायरीचे बनाना प्लग, त्यातून वळणारी वायर आणि एचडीएमआयचं ताठ मुंडकं मिळून आणखी सहा सेंटिमीटर जातात, हा हिशेब हिशेबनीसबाईंनी धरलाच नव्हता. शिवाय वरून वाफ निघायला मोकळी जागा हवी. आता तो कपाटात नाही, कपाटावर बसतो. उन्हाळ्यात दोन तासांचा सिनेमा झाला की वरची जाळी हाताला चांगली गरम लागते, चटका नाही. पण आठ महिन्यांत एकदाही ‘टक्’ झालेलं नाही. विमानं उडाली, इमारती पडल्या, एक अख्खं जहाज बुडालं.

सोबत आलेल्या मायक्रोफोनने खोली मोजून घ्यायची सोय आता बहुतेकांत असते. डेनॉन आणि मॅरँट्झचं ऑडिसी, यामाहाचं वायपाओ, काही यंत्रांत डिराक लाइव्ह. मी पहिल्यांदा तो माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवला आणि सगळं बेसूर होऊन बसलं, कारण पाठीवरून उसळलेला आवाजही त्याने मोजला. दुसऱ्यांदा कॅमेऱ्याच्या तिपाईवर, कानाच्या उंचीला. पंखा बंद, सगळ्यांना खोलीबाहेर काढलेलं, आणि आठ जागांवर तीच ती ‘वूऽऽप’ अशी शीळ. झाल्यावर निकाल बघते तर पुढचे स्पीकर पुन्हा ‘लार्ज’! हे तो करतोच म्हणे, आपण हाताने बदलायचं. सबवूफरचं अंतर त्याने दाखवलं ५.२ मीटर. मी टेप लावली तर ३.१. चूक सापडल्याच्या आनंदात मी ३.१ घातलं आणि पुढचे दोन दिवस खर्ज कुठे गेला म्हणून शोधत बसले. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज किंचित उशिरा निघतो आणि यंत्र तो उशीर अंतर म्हणून धरतं. त्याचा आकडा बरोबर होता, माझी टेप आगाऊ होती. परत ५.२ केल्यावर खर्ज जागेवर आला. सेंटर मात्र मी माझ्या मर्जीने दोन डेसिबल वर ठेवलाय. कुजबुजीतले संवाद आता मागे जाऊन पुन्हा ऐकावे लागत नाहीत, आणि जुन्याच्या तुलनेत हाच मला सगळ्यात मोठा फरक वाटतो.

रेकॉर्ड प्लेयरसाठी फोनो इनपुट आहे, मूव्हिंग मॅग्नेट सुईचा. सुईचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच, साध्या सॉकेटला लावला तर कुजबुजल्यासारखा येतो, खर्ज गायब. पहिल्या दिवशी फोनोतूनही नुसती ‘घूंऽऽ’ अशी घरघर. वायर बदलली, सॉकेट बदललं, काही नाही. मग काकांच्या प्लेयरमागून लोंबणारी एक बारीक हिरवी तार दिसली, तिचं टोक रिसिव्हरच्या पाठीवरच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली दाबलं आणि घरघर चाकूने कापावी तशी थांबली. त्यानंतर रेकॉर्डची खरखर ऐकू आली. ती हवीच होती.

तक्रारी आहेत. रिमोटवर पन्नासेक बटणं, सगळी एकाच आकाराची, अंधारात उजळत नाहीत. आवाजाच्या बटणावर मी नखपॉलिशचा ठिपका दिलाय. फोनवरचं अ‍ॅप चारातून एकदा यंत्र सापडत नाही म्हणून रडतं. इनपुट बदललं की पडदा दोनतीन सेकंद काळा होतो, पहिल्या आठवड्यात दर वेळी पोटात गोळा यायचा. आणि ती एचडीएमआयची एकमेकांना उठवायची सोय: टीव्हीवर बातम्या लावल्या की रिसिव्हरही जागा, रेकॉर्ड ऐकताना टीव्ही बंद केला की रिसिव्हरही बंद. गाण्याच्या ऐन समेवर. शेवटी मेनूत ‘टीव्हीबरोबर बंद होऊ नको’ असा एक पर्याय सापडला, तोही चौथ्या पायरीवर.

कोणी घेऊ नये? ज्यांच्याकडे पुढचे दोनच स्पीकर आहेत आणि मागे वायर न्यायची तयारी नाही, त्यांनी. एचडीएमआय आर्क असलेला साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर त्यांना जास्त सुख देईल, आणि पाठीवर सॉकेटही मोजकेच. बाकीच्यांनी आधी स्पीकरचे ओहम, मग टीव्हीची सॉकेटं, मग कपाटाची खोली एका कागदावर लिहून काढावी. माझा तो कागद अजून आहे. त्याच्याच मागे मी रिसिव्हरच्या पाठीचं चित्र काढून कोणती वायर कुठे जाते ते लिहिलंय आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. त्यातल्या एका वायरीवर लेकाने ‘?’ असं लिहून ठेवलंय. ती काढली तर काय बंद पडेल हे बघायची अजून कोणाची छाती झालेली नाही.